रायझन ७९५०एक्स प्रोसेसर ५.४ गिगाहर्ट्झवर लॉक करू का? आत्ताच ९५ डिग्री लागतंय

नागपूरी_रेंडर
मंडळी, नवीन पीसी जोडलाय, रायझन ९ ७९५०एक्स, ३६० एमएमचा लिक्विड कूलर, ६४ जीबी डीडीआर५ ६०००. काम ब्लेंडरचं (थ्रीडी सॉफ्टवेअर), रात्री थोडं गेमिंग. अजून काहीच छेडलं नाहीये तरी सिनेबेंच (प्रोसेसरला फुल लोड देणारी टेस्ट) लावला की काही सेकंदांत टेम्प ९५ ला जाऊन चिकटतं, पंप चालू आहे, पेस्ट पुन्हा लावून झाली. मे महिना आहे, खोलीत डेझर्ट कूलर लावूनही ३३-३४ असतंच. मला सगळे १६ कोअर ५.४ वर लॉक करायचेत, करू का की आधी कूलर बदलू?

सिलिकॉनदादा
कूलरला हात लावू नकोस भाऊ. हा चिप ९५ पर्यंत जाण्यासाठीच बनवलाय, २३० वॅटची पॉवर लिमिट किंवा ९५ डिग्री यातलं जे आधी लागेल तिथपर्यंत तो स्वतःच क्लॉक वाढवत राहतो, म्हणजे तू आणखी मोठा कूलर लावलास तरी फुल लोडवर आकडा बहुतेक तोच दिसेल, फक्त क्लॉक थोडा वर जाईल. त्यात एएम४ या आधीच्या सॉकेटचे जुने कूलर बसावेत म्हणून वरचं झाकण जाड ठेवलंय आणि खाली उष्णता दोन चिमुकल्या चिपलेटमधून (कोअर असलेले छोटे तुकडे) येते, ती बाहेर काढणं अवघडच.

५.४ चा लॉक तर नकोच. सिंगल कोअर ५.७ पर्यंत बूस्ट होतो तो जाईल, रात्रीचं गेमिंग उलट स्लो होईल. त्यापेक्षा बायोसमध्ये (मदरबोर्डची सेटिंग) पीबीओ, म्हणजे एएमडीची बूस्ट वाढवायची सेटिंग उघड, त्यात कर्व्ह ऑप्टिमायझर, तो कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करतो, निगेटिव्ह १५ पासून सुरू कर. एकेका स्टेपला साधारण ३ ते ५ मिलीव्होल्ट कमी होतात, त्यामुळे त्याच ९५ मध्ये जास्त क्लॉक मिळतो. आजकाल ओव्हरक्लॉकिंग म्हणजे हेच, व्होल्टेज कमी करायचं 😄

वऱ्हाडी_वॅट
विजेचं बिल कोण भरणार ते पण सांगा 😂 मी तर नावाला १०५ वॅटचा इको मोड लावून बसलोय, प्रत्यक्षात पॉवर १४२ वॅटवर थांबते, रेंडरला किंचित जास्त वेळ लागतो पण खोली भट्टी होत नाही. आणि डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको रे बाबा, पाण्याचे तुषार येतात त्यात.

बायोसबुवा
दोन गोष्टी. पीबीओ आणि एक्स्पो (रॅम तिच्या ६००० च्या स्पीडवर चालवणारी सेटिंग) दोन्ही एएमडीच्या हिशेबाने ओव्हरक्लॉकिंगच आहे, वॉरंटीत धरत नाहीत. दुसरं, बायोस नवा टाक, २०२३ मध्ये एसओसी (प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलरचा भाग) व्होल्टेज जास्त जाऊन चिप जळायचा जो घोळ झाला त्यानंतरच्या बायोसमध्ये ते १.३ व्होल्टच्या वर जाऊ देत नाहीत. एक्स्पो लावल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहिली तर लगेच बटण दाबू नको, मेमरी ट्रेनिंग चालू असतं.

नागपूरी_रेंडर
बायोस टाकला, सगळ्या कोअरना निगेटिव्ह २० दिलं. सिनेबेंच, ब्लेंडर सगळं मस्त, क्लॉक पण वाढला. पण काहीच करत नसताना, नुसतं यूट्यूब चालू असताना पीसी रिस्टार्ट झाला, हे काय?

सिलिकॉनदादा
१५ सांगितलं होतं ना 🙂 असंच होतं. फुल लोडवर सगळे कोअर खालच्या क्लॉकवर असतात, हलक्या कामात एकच कोअर ५.७ ला पळतो आणि तिथे व्होल्टेज कमी पडतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगर (हार्डवेअर एररची नोंद), आयडी १८ शोध, त्यात एपिक आयडी (थ्रेडचा नंबर, एका कोअरला दोन) असेल, त्याला २ ने भाग, अपूर्णांक सोड, तो कोअर नंबर. तेवढ्याच कोअरचं निगेटिव्ह कमी कर.

नागपूरी_रेंडर
एपिक आयडी ५, म्हणजे कोअर २. एएमडीच्या रायझन मास्टर सॉफ्टवेअरमध्ये त्याच्यावरच स्टार (सगळ्यात चांगल्या कोअरची खूण) आहे!

सिलिकॉनदादा
स्टारवाल्यांना आधीच कारखान्यातून कमी व्होल्टेज दिलेलं असतं, त्यांच्यात वाव कमीच. त्याला ८ ठेव, बाकी २० असू दे, आणि कोअरसायकलर रात्रभर लाव, तो एकेक कोअर धरून तपासतो. त्यात दुसरा कोअर पडला तर त्यालाही तसंच.

वऱ्हाडी_वॅट
रात्रभर म्हणे. डेझर्ट कूलरच्या टाकीत पाणी भरून झोप म्हणजे झालं.