चर्चच्या जुन्या इमारतीसाठी निधी मोहीम: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न: मंडळीचे चिटणीस, अहिल्यानगर जिल्हा

सर्वांना सलाम. आमचे चर्च अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकी मिशनरी संस्थेच्या काळातील असून काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या भिंती, सागवानी कैच्या (छप्पर तोलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे) आणि मंगलोरी कौले अशी त्याची घडण आहे. गेले काही पावसाळे वेदीच्या उजव्या बाजूला पाणी गळते, दोन कैच्यांची भिंतीत टेकलेली टोके कुजल्यासारखी दिसतात आणि मागच्या पिढीत आतून केलेला सिमेंटचा गिलावा कमरेच्या उंचीपर्यंत सुटून पडत आहे. याखेरीज विजेच्या तारा जुन्या आहेत, वृद्ध सभासदांना पायऱ्या चढवत नाहीत आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही.

एका ठेकेदाराने सुमारे 40 लाखांचे एकठोक अंदाजपत्रक दिले आहे. त्यात कौले काढून पत्रे घालणे, खाली प्लास्टर ऑफ पॅरिसचे छत करणे आणि वेदीला ग्रॅनाइट बसवणे हेही धरलेले आहे. मंडळीत सव्वाशेच्या आसपास कुटुंबे असून त्यांत शेतमजूर आणि ऊसतोडीला जाणारी कुटुंबे बरीच आहेत. काही मुले पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत आणि थोडे जण परदेशात आहेत. नाताळाच्या उपासनेतच मोहीम जाहीर करावी असे काही पंचांना वाटते, काहींना बँकेचे कर्ज हवे आहे, तर काही जण आवाराच्या रस्त्याकडील बाजूला गाळे बांधून ते भाड्याने देण्याचा आग्रह धरतात. ही वास्तू पूर्वजांच्या घामाची आहे आणि ती टिकली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु घाईने मागितलेल्या पैशामुळे गरीब कुटुंबांवर दडपण येईल आणि मंडळीत तट पडतील, ही भीती मला सतावते. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: स्थापत्य अभियंता, जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचा अनुभव

चिटणीससाहेब, रक्कम ठरवण्याआधी इमारतीची पाहणी करून घ्या, आणि ती काम घेऊ इच्छिणाऱ्या ठेकेदाराकडून न करता फक्त पाहणीचे शुल्क घेणाऱ्या अभियंत्याकडून करून घ्या. तुम्ही सांगितलेली लक्षणे वेगवेगळी दिसत असली तरी बहुधा सर्वांचे मूळ पाणी हेच आहे. कौल सरकले किंवा पन्हळ तुंबली की पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरते, तेथेच कैचीचे टोक टेकलेले असल्याने लाकूड कायम ओले राहते, आणि ओल्या लाकडाला बुरशी व वाळवी लागते. चुन्यातील दगडी भिंत ओलावा शोषते आणि कोरड्या दिवसांत तो बाहेर टाकते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ही वाट बंद होते, क्षार आतच साचतात आणि गिलावा फुगून सुटतो. तेथे पुन्हा सिमेंट लावणे म्हणजे तोच खर्च काही वर्षांनी परत ओढवून घेणे होय. सिमेंट खरवडून काढावे, भिंत एक उन्हाळा वाळू द्यावी आणि मग दगडांमधल्या दरजा व गिलावा चुन्यातच करावा.

पत्र्यांना माझा स्पष्ट विरोध आहे. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली बसणे कठीण होईल आणि पावसात प्रवचन ऐकू येणार नाही. बासेल मिशनने 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तेथून ही कौले पश्चिम किनाऱ्यासह दूरवर पोहोचली, तेव्हा तुमच्या छपरालाही मिशनच्या कारागिरीचा इतिहास आहे. सगळी कौले उतरवून चांगली वेगळी काढावीत, फुटलेली बदलावीत, कौलांखालच्या कुजलेल्या रीपा (लाकडी पट्ट्या) नव्या घालाव्यात आणि कैचीचे फक्त खराब टोक कापून तेथे सागाचा नवा तुकडा जोडावा. खोट्या छताचा विचार तर सोडूनच द्या, कारण त्याच्यावर गळती सुरू झाली तर ती लाकूड कुजेपर्यंत कोणालाही दिसणार नाही. छप्पर, पन्हळ आणि विजेच्या तारा हा पहिला टप्पा, भिंती दुसरा. पायऱ्यांशेजारचा उतार व स्वच्छतागृह यांना खर्च तुलनेने कमी असल्याने ती पहिल्या टप्प्याबरोबरच करता येतील.

उत्तर: एका मंडळीचे माजी खजिनदार, पुणे

कायद्याच्या बाजूने काही गोष्टी मोहिमेपूर्वी पाहाव्या लागतील. मिशनकालीन मालमत्ता अनेक ठिकाणी स्थानिक मंडळीच्या नावावर नसून ट्रस्टच्या नावावर असते, म्हणून प्रथम मालमत्ता पत्रक काढा आणि ज्यांच्या नावावर जागा आहे त्यांची दुरुस्तीला लेखी संमती घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 नुसार इमारत किंवा बिगरशेती जागा 3 वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि विश्वस्तांना ट्रस्टसाठी कर्ज काढायचे असले तरीही कलम 36अ नुसार ती लागते. त्यामुळे गाळे व कर्ज हे दोन्ही मार्ग वाटतात तितके जवळचे नाहीत. गाळ्यांबाबत माझे मत याहून कडक आहे: एकदा भाडेकरू आला की आवाराचा तो भाग मंडळीला परत मिळेलच असे सांगता येत नाही.

देणगीदार आयकराच्या सवलतीबद्दल विचारतील. आयकर अधिनियम, 1961 च्या कलम 80 जी मध्ये एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायासाठी असलेल्या संस्थेला सर्वसाधारणपणे ही सवलत नव्हती. ऐतिहासिक महत्त्वाचे किंवा राज्यभर ख्यातकीर्त म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केलेले प्रार्थनास्थळ हा अपवाद होता. आता नवा कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सनदी लेखापालाचे लेखी मत हाती येईपर्यंत पत्रकात सवलतीचे आश्वासन छापू नका.

परदेशातील मुलांविषयी विशेष सावध राहा. ज्याच्याकडे अजून भारतीय नागरिकत्व आहे त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय योगदान ठरत नाही. परंतु ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले आहे, त्याची देणगी 2010 च्या परकीय योगदान विनियमन कायद्याखाली येते, मग तो तुमच्याच मंडळीत बाप्तिस्मा घेतलेला का असेना. अशी देणगी नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारता येत नाही, आणि ती प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते. एखाद्या नातेवाइकाच्या खात्यातून ती वळवून घेण्याची सूचना कोणी केली, तर ती प्रेमापोटी आलेली असली तरी नाकारा.

उत्तर: निवृत्त शिक्षिका, महिला मंडळाच्या कार्यकर्त्या

भाऊ, तुमची भीती योग्य आहे, आणि पवित्र शास्त्रात नेमका हाच प्रसंग आहे. 2 राजे, अध्याय 12 मध्ये योवाश राजाने मंदिराच्या डागडुजीसाठी पैसा याजकांच्या हाती सोपवला, पण त्याच्या कारकिर्दीच्या 23व्या वर्षापर्यंत डागडुजी झालीच नाही. मग यहोयादा याजकाने झाकणाला भोक पाडलेली पेटी वेदीजवळ ठेवली. ती भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून पैसे मोजत आणि ते सुतार, गवंडी व पाथरवट यांच्या मजुरीसाठी देत. त्या पैशातून चांदीची पात्रे केली नाहीत असे तेथे स्पष्ट लिहिले आहे; पात्रे झाली ती काम पुरे झाल्यावर उरलेल्या रकमेतून, हे 2 इतिहास, अध्याय 24 मध्ये आहे. ग्रॅनाइटची वेदी मागणाऱ्या बांधवांना हे दोन अध्याय प्रेमाने वाचून दाखवा. दुरुस्तीचे खाते दशांशाच्या (उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या दानाच्या) आणि नेहमीच्या अर्पणाच्या खात्यापासून वेगळे ठेवा, नाहीतर पाळकसाहेबांचा पगार आणि गरिबांची मदत आटेल.

नाताळात मोहीम जाहीर करणे गावाबाहेरच्या मुलांसाठी सोयीचे आहे, कारण ती तेव्हा घरी असतात. पण त्याच काळात ऊसतोडीची कुटुंबे कारखान्याच्या फडावर असतात आणि त्यांच्या मागे निर्णय झाला तर तो त्यांचा राहत नाही. म्हणून ती परतल्यावर मंडळीची सभा घ्या आणि तोवर फक्त पाहणी व कागदपत्रे उरका. कुटुंबामागे ठराविक वर्गणी लावू नका, देणाऱ्यांची नावे रकमेसह फलकावर लावू नका आणि संगमरवरी पाट्यांचा मोह टाळा. एकूण जमा व एकूण खर्च मात्र दर महिन्याला उपासनेनंतर वाचून दाखवा. कापणीच्या सणाला येणारे धान्य, कोंबड्या, भाजी यांचा लिलाव एक वर्ष याच कामासाठी ठेवता येईल. मिझोरामच्या मंडळ्यांत प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढण्याची पद्धत 20व्या शतकाच्या आरंभापासून आहे, आणि तिच्यावर तेथील मोठे सेवाकार्य उभे राहिले. आपल्याकडे ज्वारी-बाजरीची मूठ निघू शकते. ज्यांच्याजवळ तेवढेही नाही त्यांना कौले उतरवण्याच्या आणि निवडण्याच्या कामात बोलवा, परंतु उंचावरचे काम कारागिरांनाच करू द्या.

चिटणीस:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाळकसाहेबांशी आणि पंचांशी बोलणे झाले. पाहणीचे शुल्क पंच स्वतःच्या खिशातून देणार आहेत, म्हणजे निधीला हात लागणार नाही. मालमत्ता पत्रकासाठी अर्ज केला आहे आणि मोठी सभा ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर होईल. गाळ्यांचा आग्रह एका ज्येष्ठ पंचांनी अजून सोडलेला नाही; कलम 36 ची प्रत त्यांना वाचायला दिली आहे. एक अडचण उरते. आमच्या भागात चुन्यात काम करणारा गवंडी मिळत नाही, आणि साधे गवंडी चुन्यात थोडे सिमेंट मिसळू द्या म्हणतात.

स्थापत्य अभियंता:

सिमेंट अजिबात मिसळू देऊ नका. जुने वाडे आणि किल्ले यांच्या दुरुस्तीवर काम केलेले गवंडी पुणे आणि नाशिक भागांत मिळतात. त्यांच्यापैकी एकाला आणून तुमच्या दोन स्थानिक गवंड्यांना त्याच्या हाताखाली द्या. आधी मागच्या भिंतीचा एकच खण (छोटा भाग) नमुना म्हणून करून घ्या, त्याला रोज पाणी मारून ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि एक पावसाळा जाऊ द्या. तो खण टिकला तरच उरलेल्या भिंतींचा दर ठरवा. छपराचे काम मात्र त्यासाठी थांबवू नका. कौले पाडव्यानंतर उतरवली तर मृगाच्या आत परत चढली पाहिजेत, आणि ही अट मुदतीसह करारात लिहून घ्या.