कृत्रिम पाय सैल झाला आहे. पुन्हा माप आणि चालण्याचे प्रशिक्षण कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

माझी मावसबहीण यावल तालुक्यात राहते. नवऱ्याच्या पश्चात वाट्याला आलेल्या शेतावरून भाऊबंदकीचा वाद विकोपाला गेला आणि कुऱ्हाडीच्या घावामुळे तिचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. खटला न्यायालयात आहे, त्यावर येथे चर्चा नको. प्रश्न तिच्या चालण्याचा आहे.

एका मोफत शिबिरात तिला जयपूर फूट मिळाला. अनवाणी, चिखलातून चालता यावे आणि मांडी घालून बसता यावे, अशा गरजा डोळ्यांसमोर ठेवूनच तो १९६८ च्या सुमारास घडवला गेला, त्यामुळे शेतकरी बाईला तो योग्यच होता. परंतु शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पायाची सूज अनेक महिने उतरत राहते, पाय बारीक होतो आणि सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा ज्यात उरलेला पाय बसतो तो खोलगट भाग, सैल पडते, हे तिला कोणी सांगितले नाही. ती आत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबून चालत राहिली. नडगीच्या टोकाशी कातडी सोलवटली, तेव्हा पाय कोनाड्यात ठेवून तिने कुबड्या घेतल्या. काळ्या जमिनीत पाऊस झाला की कुबड्या रुततात, आणि अंगणापलीकडच्या संडासाला जायलाही मुलाला हाक मारावी लागते. याचे तिला सर्वाधिक वाईट वाटते.

पाय देणे म्हणजे चप्पल देणे नव्हे. जखम भरल्यावर नवे माप, सॉकेटची दुरुस्ती, तोल सावरायचा सराव आणि गुडघा आखडू नये म्हणून व्यायाम हे सर्व पुढे कित्येक महिने लागते, आणि तेच आमच्या भागात मिळेनासे झाले आहे. जळगाव, धुळे किंवा भुसावळ येथे वारंवार जाता येईल असे केंद्र कोणाच्या अनुभवाचे आहे का? माप मांडीपर्यंत घ्यावे लागत असल्याने ती पुरुष तंत्रज्ञासमोर फार अवघडते, म्हणून तेथे स्त्री कर्मचारी असल्यास अवश्य कळवावे. मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तेथे कोणी उपचार घेतले असतील, तर किती दिवस मुक्काम करावा लागला आणि सोबतच्या माणसाची सोय कुठे झाली?

दुसरे असे की, गुन्ह्यातील पीडितांना भरपाई देण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे आणि अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वी उपचारासाठी अंतरिम रक्कम कोणाला मिळाली आहे का? तिचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ४० टक्क्यांहून अधिकचे आहे; त्यासोबत रुग्णालयाची आणि पोलिसांची कोणती कागदपत्रे मागितली गेली?

शेत तिने बटाईने द्यावे, असे नातेवाईक म्हणतात. तिला मात्र कापूस वेचणीला स्वतः उभे राहायचे आहे. गुडघ्याखालचा पाय गमावूनही शेतात काम करणाऱ्या कोणी बाई आपल्या माहितीत असतील, तर त्यांची संमती घेऊन माझ्या बहिणीशी फोनवर बोलणे करून द्याल का?