मदत हवी आहे: ठाणे सोडून कोल्हापूरला शिफ्ट व्हावं का?

मंडळी, जरा सल्ला हवाय. नवऱ्याला गोकुळ शिरगाव एमआयडीसीत जॉब मिळतोय, पगार इथल्यापेक्षा कमीच, पण घोडबंदरचं ट्रॅफिक आणि वन बीएचकेचं भाडं बघता हातात तेवढंच उरेल असं आमचं गणित. माझं वर्क फ्रॉम होम आहे, महिन्यातून एकदा मुंबईला यावं लागेल, पण रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली की सकाळी सीएसएमटी, ते जमेल.

खरी धास्ती पुराची. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं होतं, हायवेसुद्धा बंद पडला होता. घरं बघायला गेलो तर एजंट म्हणतो "मॅडम, हितं पाणी येतच न्हाई ओ" आणि पार्किंगच्या भिंतीवर कमरेएवढी चिखलाची रेघ अजून दिसतेय! 😅 तिथे घेणार नाहीच. पण राजारामपुरी की आर के नगर, भाड्याने राहायला कुठे बरं पडेल? लेक पाचवीत आहे, शाळेची बस आर के नगरपर्यंत येते का? आणि नोकरी गेलीच तर कोल्हापुरात दुसरी मिळते का हो, की परत पुणं गाठावं लागतं? तिथे राहणाऱ्यांनी प्लीज खरं खरं सांगा, तांबड्या-पांढऱ्याचं कौतुक सासरकडून रोज ऐकतेय.