जावाने + आपल्या हातात द्यायला हवा होता

कंसपीडित:
जावात बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो, पैशाला डबल हा दशांश आकड्यांचा नेहमीचा प्रकार चालत नाही (०.१ + ०.२ बरोबर ०.३ का विचारलं तर नाही म्हणतो) म्हणून सगळीकडे बिगडेसिमल हा नेमका दशांश हिशोब करणारा क्लास, आणि मग दर * नग + कर एवढ्याशा गोष्टीला दर.मल्टिप्लाय(नग).ॲड(कर). त्यात सूट घाला, जीएसटी घाला, की रिव्ह्यू करणारा कंसच मोजत बसतो. सी++ मध्ये लोकांनी ऑपरेटर ओव्हरलोडिंगचा (+, * अशा चिन्हांना आपल्या क्लाससाठी आपला अर्थ देण्याचा) चुथडा केलेला बघून जावाच्या कर्त्याने, गॉसलिंगने, जावातून ते मुद्दाम गाळलं, ठीके. पण स्ट्रिंगला (मजकुराला) जोडायला + स्वतः दिलाच ना? लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

सीप्लसग्रस्त:
गाळलं तेच बरं केलं. आमच्या जुन्या कोडमध्ये कोणीतरी एका क्लासवर 'आणि' अर्थाचा && ओव्हरलोड करून ठेवलाय. नेहमीचा && डावी बाजू खोटी निघाली की तिथेच थांबतो, हा थांबत नाही, शेवटी तो फंक्शन कॉलच, दोन्ही बाजू चालणारच. म्हणजे डावीकडे पॉइंटर (मेमरीतला पत्ता) रिकामा नाही ना ते बघतोय आणि उजवीकडे तोच वापरतोय, की झाला क्रॅश. ओळ वाचून काही म्हणजे काही कळत नाही.

पायथनवाली:
@सीप्लसग्रस्त अहो मग && वर बंदी घाला ना, + ने काय घोडं मारलंय? पायथनमध्ये अँड-ऑर ओव्हरलोड करताच येत नाहीत. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत ॲरेला * म्हणजे घटकाला घटक गुणायचा, मॅट्रिक्स गुणाकारासाठी २०१५ मध्ये पायथन ३.५ ने @ वेगळा दिला. कोणाचा गोंधळ होत नाही.

कोटलिनकर:
@कंसपीडित जावाचेच क्लास वापरणाऱ्या कोटलिन भाषेत तुम्हाला हवं ते आहे, बिगडेसिमलला + - * / सगळं चालतं. आता बिगडेसिमल १०० ला बिगडेसिमल ३ ने भागून बघा. उत्तर ३३. पैसे गुल! कारण / राउंडिंग परस्पर ठरवतो आणि दशांश स्थळं भाज्याएवढीच ठेवतो. जावात नुसतं डिव्हाइड लिहिलं असतं तर तिथल्या तिथे एक्सेप्शन आलं असतं, ते परवडलं. आणि बिगडेसिमलमध्ये २.० == २.०० खोटं (== दशांश स्थळंही जुळवतो), पण >= खरं आणि <= पण खरं. घ्या!

कंसपीडित:
हा / चा दोष झाला, + चा कसा? बेरीज वजाबाकी गुणाकार नेमके येतात, राउंडिंगचा प्रश्नच नाही. तेवढे तीन द्या, भागाकाराला खुशाल डिव्हाइड लिहायला लावा.

कोटलिनकर:
तीन दिले की लोक चौथा मागणारच, लिहून घ्या. आणि == चं काय ते सांगितलंच नाहीत.