काळ्या चौकोनामागचा मिश्कील माणूस
अमेरिकन अमूर्त चित्रकार ॲड राइनहार्टसाठी व्यंगचित्रं म्हणजे नुसता पोटापाण्याचा उद्योग, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. १९४६-४७ मध्ये न्यूयॉर्कच्या 'पीएम' दैनिकात (सुरुवातीची काही वर्षं जाहिराती न घेणारं वर्तमानपत्र, हेही एक नवलच!) त्याने कला कशी बघावी यावर पानभर व्यंगचित्रांची मालिका केली. त्यातलं एक चित्र मी विसरूच शकत नाही. एक गृहस्थ अमूर्त चित्राकडे बोट दाखवून खिदळतो, "हे कशाचं चित्र म्हणायचं?" तर चित्रच उलटून खेकसतं, "आणि तू रे कशाचं?" गडी पार आडवा!

पोटासाठी खरडणारा माणूस इतक्या पोटतिडकीने भांडत नाही.

मग १९६० पासूनची पाच बाय पाच फुटांची काळी चित्रं. आधी सगळं काळंच वाटतं. जरा थांबलं की तांबूस, निळसर, हिरवट काळ्याचे नऊ चौकोन हळूहळू वर येतात. फोनवर मात्र काही म्हणजे काही दिसत नाही, त्यामुळे तिथे बघून 'यात काय आहे' म्हणणाऱ्यांना त्या गृहस्थाची गोष्ट सांगावी.