मदत हवी आहे: सर भारी शिकवतात पण पेपर सुटत नाही

एमएस्सी फिजिक्स, पहिलं वर्ष. क्वांटमचे सर एक नंबर शिकवतात, हातात कागद नाही, सगळं फळ्यावर पहिल्यापासून काढतात, तास संपला तरी कोणी उठत नाही. पण पेपर म्हणजे वाट लागते. मिडटर्मला ३० पैकी ११.

एक गणित सांगते. बॉक्समधला कण ग्राउंड स्टेटला (सगळ्यात कमी एनर्जीच्या अवस्थेत) आहे, भिंत अचानक सरकून रुंदी दुप्पट झाली, आता नव्या ग्राउंड स्टेटमध्ये सापडायची शक्यता किती? मी सरळ १ लिहिलं, शेजारी लाल पेनाने फक्त "का?" (वेव्ह फंक्शनला, म्हणजे कणाची अवस्था सांगणाऱ्या फंक्शनला, बदलायला वेळच मिळत नाही, जुन्या-नव्या ग्राउंड स्टेटचा ओव्हरलॅप काढून त्याचा वर्ग करायचा, उत्तर ३२/(९π²) म्हणजे साधारण ०.३६, हे घरी आल्यावर सुचलं.)

नोट्स दोनदा लिहून झाल्या, जुने पेपर सोडवले पण सर प्रश्न रिपीटच करत नाहीत. सरांना विचारलं तर म्हणाले उत्तर न बघता झगडा. विषय कंपल्सरी आहे, सोडता येत नाही आणि खरं तर सोडायचाही नाहीये. क्लास नकोत, रोज दोन तास मिळतात, फायनलला पाच आठवडे.

असे सर ज्यांना होते त्यांनी सांगा, न बघितलेल्या गणितावर किती वेळ अडून बसायचं आणि उत्तर नेमकं कधी बघायचं?