मदत हवी आहे: द्राक्ष आणि वाइनमधलं मास्टर्स परदेशात कुठे करावं?

नमस्कार मंडळी,

भाचीसाठी विचारते आहे. बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, निफाड तालुक्यात दादाची द्राक्षबाग आहे. वर्गातली बाकीची मुलं एमपीएससी नाहीतर बँकेच्या परीक्षांच्या मागे, आणि हिला व्हिटिकल्चर-इनॉलॉजीत, म्हणजे द्राक्षशेती आणि वाइननिर्मितीत मास्टर्स करायचं आहे. परदेशात काय काय रीतसर विद्यापीठात शिकवतात ते तिच्या यादीवरून कळलं. बर्मिंगहॅमला घड्याळांची पदवी, कनेक्टिकटला बाहुलीनाट्याची! एडिंबरोच्या हेरियट-वॉटला तर बिअर आणि व्हिस्की बनवण्याची पदवी मिळते, पण ते घरात अजून कोणी बोललेलं नाही. आमचे नाना माळकरी आहेत. वाइनचं नाव काढलं तेव्हाच ते दोन दिवस गप्प होते.

दादाचा आक्षेप वेगळा आहे आणि मला तो जास्त पटतो. त्याची हयात थॉमसन या खायच्या बिनबियांच्या द्राक्षाचा मणी फुगवण्यात गेली. जीएमध्ये (मणी वाढवणाऱ्या संजीवकात) घड बुडवा, विरळणी करा, मणी अठरा एमएमच्या वर गेला तर एक्स्पोर्ट. वाइनला सगळं उलटं लागतं: मणी बारीक, साल जाड, आत बी, कारण रंग आणि तुरटपणा सालीतून आणि बियांतूनच येतो. त्यात आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी आणि वाइनचा माल जानेवारी ते मार्चमध्ये. युरोपात हिवाळ्यात बाग विश्रांतीला जाते, छाटणी एकदाच, काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. दादा म्हणतो, "बर्फातली बाग शिकून ही इथे काय दिवे लावणार?"

आमचा शोध आत्तापर्यंत असा झाला आहे. जर्मनीतलं गायझेनहाइम पहिल्यापासून तिच्या डोक्यात आहे. ऱ्हाइनकाठची 1872 पासूनची संस्था. हेस राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, ही आमच्यासाठी मोठी गोष्ट. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच पैसे काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवायचे, शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र वेगळं, आणि जर्मन भाषा आलीच. शिवाय गायझेनहाइम 50 अक्षांशावर, नाशिक 20 वर. तिथे मान रिझलिंग या थंडीतल्या पांढऱ्या वाइनद्राक्षाचा.

फ्रान्समध्ये मॉन्पेलियेला 'व्हिनिफेरा' नावाचं युरोमास्टर आहे. पहिलं वर्ष तिथे इंग्रजीतून, दुसरं वर्ष दुसऱ्या देशातल्या भागीदार विद्यापीठात. फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्सच्या बागा झोपवल्या, तेव्हा 1868 मध्ये ती कीड मॉन्पेलियेचे वनस्पतीशास्त्रज्ञ प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखली. पुढे युरोपातल्या वेली अमेरिकन खुंटांवर कलम करून वाचवल्या. दादाच्या बागेतला डॉगरिज खुंटही मूळचा टेक्ससचाच, फक्त आपण तो खारं पाणी आणि पाणीटंचाईसाठी लावतो. हे भाचीने सांगितलं तेव्हा दादाने पहिल्यांदा मोबाइल बाजूला ठेवला.

माझं स्वतःचं मत दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉशच्या बाजूने झुकतंय. शेनिन ब्लांक ही त्यांची सगळ्यात जास्त लागवडीची वाइनद्राक्षं, आणि नाशिकच्या वायनऱ्यांतही तीच भरवशाची. ऊन भरपूर, पाण्याची ओढाताण ओळखीची, काढणी साधारण आपल्याच सुमाराला. भाचीचं म्हणणं, नाव युरोपचं चालतं. असेल, पण नावाने केवडा आणि भुरी हे वेलीचे रोग थांबत नाहीत.

कॅलिफोर्नियाचं डेव्हिस विद्यापीठ खर्च बघून सोडलं. तिथे 2015 पासून असा कायदा आहे की या विषयाच्या विद्यार्थ्यांनी एकवीसच्या आत असले तरी वर्गात वाइन चाखायची, पण गिळायची नाही, थुंकायची. नानांचा जीव भांड्यात पडेल म्हणून मुद्दाम सांगितलं. ते म्हणाले, "थुंकायचीच आहे तर तोंडात घ्यायची कशाला?"

तर आता विचारायचं ते असं. इथल्या कोणी, किंवा तुमच्या माहितीतल्या कोणी, यातल्या एखाद्या ठिकाणी शिक्षण घेतलं आहे का? बी.एस्सी. अ‍ॅग्रीवर सरळ प्रवेश मिळतो, की केमिस्ट्री-मायक्रोबायोलॉजीचे जादा विषय करायला लावतात? स्टेलनबॉशला एकट्या मुलीने राहणं कसं आहे, हे तिथे राहिलेल्यांनी स्पष्ट सांगा, गुळमुळीत नको. आधी वर्षभर एखाद्या वायनरीत किंवा पुण्याजवळ मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात काम करून मग जाण्यात फायदा आहे का? आणि परत आल्यावर पगार कर्ज फेडण्याइतका मिळतो का, की शेवटी बाग विकावी लागते?

अजून एक. ब्राझीलमध्ये पेत्रोलिनाच्या बाजूला साओ फ्रान्सिस्को नदीच्या खोऱ्यात एका वर्षात दोन-दोन पिकं घेतात, हिवाळा नावालाही नाही. आपल्या हवामानाला सगळ्यात जवळचं तेच वाटतं. तिथे पोर्तुगीज शिकून कोणी गेलंय का? गोव्याकडची मंडळी असतील तर भाषेचं जरा सांगा.

गोडी छाटणीला हात लागला की दादा पुढे मार्चपर्यंत बागेच्या बाहेर कोणाशी धड बोलत नाही. त्याच्या आत काय ते ठरवायचं आहे, म्हणून जरा लवकर उत्तरं द्या.